गोव्याला स्वतंत्र उच्च न्यायालय हवे की पर्वरीचे खंडपीठ पुरेसे आहे?

अंत्रुजकर, फोंडा :
३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले, परंतु राज्यातील सर्वांत वरचे न्यायपीठ आजही मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठच आहे. पोर्तुगीज काळात १५४४ साली येथे अपिलांचे न्यायालय स्थापन झाले होते. मुक्तीनंतर त्याची जागा ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाने घेतली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात पणजीचे खंडपीठ सुरू झाले, जे आता पर्वरीत बसते. राज्यघटनेचे २१४ वे कलम प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय असेल असे सांगते, तर २३१ वे कलम दोन किंवा अधिक राज्यांसाठी एकच न्यायालय ठेवण्याची मुभा संसदेला देते. आपण या मुभेखाली जगत आहोत.

माझा आक्षेप अंतराला नाही, न्यायाधीश कसे निवडले जातात आणि कोठे नेमले जातात याला आहे. नावांची शिफारस मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायाधीश करतात. मुंबईत रोज समोर उभा राहणारा वकील त्यांना प्रत्यक्ष पारखता येतो; पर्वरीत वीस वर्षे वकिली करणाऱ्याची ओळख मात्र त्यांना बहुधा दुसऱ्याच्या अभिप्रायावरून करून घ्यावी लागते. येथील कायदाही वेगळा आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते आणि मुले असताना मृत्युपत्राने अर्ध्यापेक्षा अधिक हिस्सा दुसऱ्याला देता येत नाही. हा कायदा आणि कोमुनिदादींच्या (सामाईक जमीन धारण करणाऱ्या गावसंस्थांच्या) जमिनींचे तंटे बाहेरून आलेल्या न्यायाधीशाच्या हाती बसेपर्यंत त्याची बदली होऊ शकते. सिक्कीमची लोकसंख्या आपल्या निम्म्याहून कमी असून त्याला तीन न्यायाधीशांचे स्वतंत्र उच्च न्यायालय आहे; मेघालय, मणिपूर आणि त्रिपुरा यांनाही २०१३ मध्ये ते मिळाले.

बारदेशी वकील, म्हापसा :
अंत्रुजकर, आपण ज्या सिक्कीमचे उदाहरण दिलेत त्याच उदाहरणाची मला भीती वाटते. तीन न्यायाधीशांच्या न्यायालयात शिफारस करणारे तिघे म्हणजे संपूर्ण न्यायालयच होय. गोव्याचा बार, म्हणजे वकीलवर्ग, लहान आहे. पक्षकार, वकील, मंत्री आणि न्यायाधीश परस्परांचे नातेवाईक, वर्गमित्र किंवा शेजारी निघतात. अशा ठिकाणी न्यायाधीशाला कोणते प्रकरण आपल्यापुढे नको हे ठरवण्यातच शक्ती खर्च करावी लागते. आजच्या व्यवस्थेत मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर पदे ९४ आहेत आणि एखाद्याने प्रकरणातून अंग काढून घेतले तर मुख्य न्यायमूर्ती दुसरा न्यायाधीश पाठवू शकतात.

आपल्या सरकारला या निवडीत स्थानच नाही, असा जो समज येथे नेहमी ऐकू येतो, तोही बरोबर नाही. सामाईक उच्च न्यायालय असल्यास न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबतच्या २१७ व्या कलमातील राज्यपाल म्हणजे संबंधित सर्व राज्यांचे राज्यपाल, असे २३१ वे कलमच सांगते. त्यामुळे मुंबईत नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाबाबत गोव्याच्या राज्यपालांशीही सल्लामसलत अपेक्षित आहे. पर्वरीत कोण बसेल हे मात्र मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आणि ते तसेच असावे, कारण येथील सर्वांत मोठा पक्षकार राज्य सरकारच आहे. जुलै २०२३ मध्ये याच खंडपीठाने म्हादई अभयारण्य व लगतचा परिसर तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश सरकारला दिला. सरकारच्या स्पष्ट इच्छेविरुद्ध असा आदेश देण्यासाठी न्यायाधीशाला किती मोकळीक लागते, याचा विचार व्हावा.

अंत्रुजकर :
तो आदेश देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती महेश सोनक होते, जे गोव्यातच शिकले आणि येथेच वकिली करून न्यायाधीश झाले. स्थानिक माणूस दबतो हे गृहीतक त्या निकालानेच खोटे ठरवले आहे. शिवाय स्वतंत्र उच्च न्यायालय झाले तरी मुख्य न्यायमूर्ती बाहेरच्या राज्यातून येण्याचा प्रघात राहील, नाव दिल्लीत सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीशांपुढेच जाईल, आणि २२२ व्या कलमाखाली न्यायाधीशांच्या एका उच्च न्यायालयातून दुसऱ्यात बदल्याही होतील.

बारदेशी वकील :
सोनक यांची स्वतंत्र वृत्ती मला मान्य आहे; पण त्यांची निवड मोठ्या न्यायालयाच्या चाळणीतून झाली, हेही तितकेच खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून निवडीचा अंतिम शब्द न्यायाधीशांकडे आहे आणि ही निवड राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाकडे सोपवणारी घटनादुरुस्ती त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. म्हणजे शिफारस करणारे तिघे कोण, यावरच सारे अवलंबून राहते. ते तिघे एकाच लहान बारमधून आलेले असावेत, असे मला वाटत नाही.

सत्तरीवासी, वाळपई :
मी वकील नाही. माझ्या कुटुंबाची जमिनीची अपील या खंडपीठापुढे होती आणि सुनावणीच्या मध्येच न्यायाधीश बदलल्याने सारे पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. आपण दोघेही निवडीवर भर देता, पण नेमणूक किती काळासाठी असावी यावर कोणीच बोलत नाही. नागरी संहितेचे प्रकरण ऐकणारा न्यायाधीश निदान तीन वर्षे पर्वरीत राहील, असे मुख्य न्यायमूर्तींनी ठरवले तर त्यासाठी संसदेच्या कायद्याची गरज पडणार नाही.

अंत्रुजकर :
सत्तरीवासी, तुमची सूचना मला मान्य आहे आणि ती लगेच अमलात यावी. मात्र ती पुढच्या मुख्य न्यायमूर्तींच्या मर्जीवर टिकेल. म्हणूनच विधानसभेने स्वतंत्र उच्च न्यायालयाचा ठराव करून संसदेकडे पाठवावा, ही मागणी मी मागे घेत नाही.