रेल्वे ब्रेकडाउन क्रेनचं किट कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बाबा नागपुरात अजनीला रेल्वेच्या ब्रेकडाउन गँगमध्ये (घसरलेले डबे क्रेनने उचलणारी टोळी) होते. रात्री हूटर वाजला की जेवत्या ताटावरून उठायचे. पुढच्या महिन्यात त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, म्हणून १४० टनी क्रेनचं मॉडेल स्वतः जोडून द्यायचं आहे.

सीताबर्डी, इतवारी पालथी घातली. गाड्या-विमानं आहेत, क्रेन नाही. ऑनलाइन डॅपोलचं १५ टनी डिझेल क्रेनचं किट सापडलं (जुन्या एअरफिक्सच्या साच्यातलं, १:७६ प्रमाणातलं), पण ती फारच लहान क्रेन. मला लांब जिब (क्रेनचा हात), तो टेकवायची पुढची वाघीण आणि बाजूला पसरणारे आउटरिगर (टेकूचे पाय) हवेत. त्या पायांखाली लाकडी ठोकळे रचतानाच बाबांच्या हाताचं बोट चेपलं होतं.

दुसरी अडचण रुळांची. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या मॉडेलला साधारण १९.३ मिमी, बाजारातले मॉडेलचे रूळ १६.५ मिमीचे. चाकांमधलं अंतर वाढवून कुणी बसवली आहेत का? की थ्रीडी प्रिंट बरं पडेल? नागपुरात असं बारीक काम करणारं कुणी माहीत असेल तर नक्की सांगा. मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्येही रविवारी चौकशी करणार आहे.