मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यापासून दादा स्वतःहून काहीच सुरू करत नाही

माझा थोरला भाऊ, वय ३४. गेल्या वर्षी बाइकच्या अपघातात मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. चालणं-बोलणं ठीक आहे, त्यामुळे पाहुण्यांना तो बरा झालाय असंच वाटतं. पण आंघोळीला जा म्हटलं की टॉवेल हातात घेऊन तसाच बसून राहतो. कुणी पुढचं सांगेपर्यंत उठत नाही. टीव्ही चालू असताना कुकरची शिट्टी झाली की भयंकर चिडतो. हा आळस नाही, हे आता घरात सगळ्यांना पटलंय.

फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरॅसिटाम चालू होतं. त्यानेही चिडचिड वाढू शकते, म्हणून डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली. थोडा फरक पडला. फळ्यावर दिवसाचा क्रम लिहिला, मोबाइलवर गजर लावले. गजर तो बंद करतो आणि विसरतो.

आम्ही सांगली जिल्ह्यात. दर आठवड्याला पुण्याला जाणं जमणार नाही. दिवसा घरी फक्त आई आणि वहिनी असतात. हिंदी-इंग्रजीतून सूचना दिल्या की तो गोंधळतो.

मराठीतून ऑनलाइन कॉग्निटिव्ह रिहॅब (मेंदूच्या इजेनंतर लक्ष, आठवण, कामाचं नियोजन यांचा सराव) करून घेणारं, घरच्यांनाही शिकवणारं कुणी तुमच्या माहितीत आहे का? आणि सारखं मागे न लागता त्याने एखादं काम स्वतःहून सुरू करावं, यासाठी तुमच्या घरी नेमकं काय उपयोगी पडलं?