शब्दचर्चा : लेडी मॅकबेथचा 'अपराधगंड' म्हणावे का?

प्रश्न : शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावर मराठीत दीर्घ निबंध लिहीत आहे. 'अँबिशन'साठी 'महत्त्वाकांक्षा', 'गिल्ट'साठी 'अपराधगंड' आणि लेडी मॅकबेथ नवऱ्याला ज्यावरून डिवचते त्यासाठी 'मर्दानगी' असे शब्द योजले आहेत. ते योग्य आहेत का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : तिन्हींपैकी खरी अडचण 'अपराधगंड' या शब्दाची आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. 'गंड' हा मानसशास्त्राच्या परिभाषेतला शब्द आहे. न्यूनगंड, अहंगंड या शब्दांत तो मनात घर करून बसलेली आणि वस्तुस्थितीशी प्रमाण सुटलेली गाठ दाखवतो. न्यूनगंड असलेली व्यक्ती खरोखरच कमी प्रतीची असते, असे आपण मानत नाही. मॅकबेथ पतिपत्नींनी मात्र आपल्या घरी पाहुणा म्हणून येऊन झोपलेल्या डंकन राजाचा जीव घेतलेला आहे. त्यांना छळते ते प्रत्यक्ष केलेल्या पातकाचे ओझे. त्याला गंड म्हटले की दोष कृत्यातून निघून प्रकृतीत जातो, आणि पाचव्या अंकात लेडी मॅकबेथला पाहायला आलेला वैद्य तर नेमके उलटे सांगतो : हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक आहे.

मूळ नाटकात 'गिल्ट' हा शब्द लेडी मॅकबेथच्या तोंडी कसा येतो, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात ती म्हणते की खुनाचा 'गिल्ट' दारू पिऊन पडलेल्या पहारेकऱ्यांच्या माथी मारता येईल. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ती डंकनचे रक्त त्यांच्या तोंडाला फासायला निघते, तेव्हा सोन्याचा मुलामा देणे या अर्थाचे 'गिल्ड' आणि हे 'गिल्ट' यांवर ती श्लेष करते. या दोन्ही जागी मनातल्या भावनेचा संबंध नाही. मराठीत आपण ज्याला खापर फोडणे म्हणतो, तोच हा प्रकार आहे. तेथे 'दोष' किंवा 'अपराध' एवढेच लिहावे.

भावनेसाठी नाटकात वेगळे शब्द आहेत. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशातल्या आवाहनात ती दुष्ट शक्तींना सांगते की 'रिमोर्स'ची वाट बुजवून टाका. या शब्दाच्या लॅटिन मुळात पुन्हा पुन्हा चावणे आहे, आणि त्याच्या लगेच पुढे येणाऱ्या 'कंपंक्शस' या विशेषणाच्या मुळात टोचणे आहे. मराठीत 'मन खाणे' आणि 'मनाची टोचणी' असे दोन्ही प्रयोग रोजच्या वापरात असताना परिभाषेकडे धावण्याचे कारण मला दिसत नाही. येथे आणखी एक सावधगिरी हवी. खून अजून व्हायचा आहे, त्यामुळे या जागी 'पश्चात्ताप' लिहिल्यास वाक्यच उलटे पडते. शेक्सपिअरच्या काळी 'रिमोर्स'ला दया हाही अर्थ होता, आणि 'माझ्या मनात कणव शिरण्याची वाट बंद करा' असे म्हटले की तो नीट उतरतो.

खुनानंतरच्या अवस्थेलाही 'पश्चात्ताप' सरसकट लावू नये, असे माझे मत आहे. पश्चात्तापात मागे फिरण्याची इच्छा गृहीत असते. मॅकबेथ तर तिसऱ्या अंकात सांगतो की रक्तात आपण इतके आत आलो आहोत की परतणे हे पुढे जाण्याइतकेच कष्टाचे आहे. लेडी मॅकबेथच्या बाबतीत झोपेत चालण्याचा प्रवेश बारकाईने वाचावा. ती दिवा सतत जवळ ठेवायला लावते. झोपेत हात चोळत राहते, आणि हे पाव तासभरही चालते, असे तिची परिचारिका वैद्याला सांगते. खुनाच्या रात्री थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल असे म्हणणारीला आता अरबस्तानातली सगळी अत्तरे पुरत नाहीत. एरवी पद्यात बोलणारी ही राणी या प्रवेशात तुटक गद्यात बोलते. या अवस्थेला 'अपराधीपणा' हा साधा शब्द पुरतो. त्यात कृत्यही आहे आणि सलही.

'महत्त्वाकांक्षा' ठेवायला हरकत नाही (दोन 'त' मात्र हवेतच, कारण महत् आणि त्व मिळून महत्त्व होते), पण आजच्या मराठीत हा शब्द जवळजवळ कौतुकाचा झाला आहे. वर्तमानपत्रांत सरकारचे प्रकल्पही महत्त्वाकांक्षी असतात. नवऱ्याला महत्त्वाकांक्षा आहे, पण तिच्या सोबतीला लागणारा दुष्टपणा नाही, असे लेडी मॅकबेथ स्वतःच म्हणते. तेथे हा शब्द चपखल बसतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रॉस हा सरदार ज्या 'अँबिशन'विषयी बोलतो, ती मात्र स्वतःला जगवणारेच गिळून टाकते, आणि तिला 'हाव' म्हणावे.

आता 'मर्दानगी'. या शब्दाने नाटकातला सगळ्यात नाजूक वाद हातचा जातो, कारण तो वाद 'मॅन' या शब्दाच्या दोन अर्थांवर उभा आहे. मॅकबेथ म्हणतो की माणसाला शोभेल ते सर्व करण्याची माझी हिंमत आहे, त्याहून अधिक करणारा माणूसच नव्हे. त्यावर ती आधी विचारते की मग हा बेत मला सांगायला लावणारा तुझ्यातला पशू कोणता होता, आणि त्याच दमात म्हणते की ते करायला तू धजत होतास तेव्हा तू 'मॅन' होतास. पशूपर्यंत अर्थ माणूस. तेथून पुढे अर्थ पुरुष. ती शब्द तोच ठेवून त्याचा अर्थ फिरवते, आणि मॅकबेथ त्या फिरवलेल्या अर्थात अडकतो. आपल्या बोलीत मात्र बाईमाणूस आणि पुरुषमाणूस दोघेही माणूसच असतात, म्हणून पहिल्या वाक्यात 'माणूस' आणि तिच्या टोमण्यात 'पुरुषमाणूस' लिहिले, तर मूळ शब्द हातून सुटत नाही आणि अर्थाचे वळणही दिसते.

प्रतिप्रश्न : मग तिच्या 'अनसेक्स मी' या उद्गाराचे भाषांतर 'मला पुरुष करा' असे चालेल का?

उत्तर : मला ते चुकीचे वाटते. पुरुष होण्याची मागणी ती कोठेही करत नाही. आपल्यातले बाईपण काढून टाका, आपल्या स्तनांतले दूध घेऊन त्याच्या जागी पित्त द्या, एवढेच ती मागते. 'माझे बाईपण हिरावून घ्या' हे मला अधिक जवळचे वाटते. 'स्त्रीत्व' हा शब्द त्या आवेगात थंड पडतो. दयेला बायकी आणि क्रौर्याला पुरुषी ठरवणारी वाटणी तिची आहे, नाटकाची नाही, हे निबंधात स्पष्ट यायला हवे. चौथ्या अंकात बायकामुलांच्या हत्येची बातमी ऐकून मॅकडफ हा सरदार कोसळतो, तेव्हा डंकनचा मुलगा माल्कम त्याला पुरुषासारखे तोंड देण्यास सांगतो. मॅकडफ म्हणतो, तसे करीनच, पण ते दुःख मला 'मॅन'सारखे सोसलेही पाहिजे. तेथे मी 'माणसासारखे' असे लिहीन.