नेत्यांची कागदपत्रं: घराची की जिल्ह्याची?

मंगळवारपेठकर
कोल्हापूर जिल्ह्यातल्या राज्य पातळीवरच्या नेत्यांची खासगी कागदपत्रं त्यांच्या पश्चात सार्वजनिक अभिलेखागारात गेली पाहिजेत, आणि तीही कुटुंबाने किंवा कार्यकर्त्यांनी न निवडता, जशीच्या तशी. यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय.

२६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम आपण आज तारखेसकट सांगतो, कारण करवीर दरबाराचं दप्तर टिकलं. महाराजांची कागदपत्रं पुढे शिवाजी विद्यापीठाने खंडाखंडांनी छापली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मतांवर निवडून येणाऱ्यांचा काळ सुरू झाला. या माणसांच्या कागदांची तेवढी काळजी आपण घेतली का?

देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांचंच बघा. १९३९ मध्ये माधवराव बागलांबरोबर प्रजा परिषद उभी केली ती दरबाराच्या कारभाराविरुद्ध. बेचाळीसनंतर भूमिगत. मग घटना समितीचे सदस्य, पंचगंगा साखर कारखान्याचे संस्थापक, शिरोळचे आमदार, राज्यमंत्री, १९८५ ला पद्मश्री. भूमिगत माणसाचा माग काढणाऱ्या पोलिसांची बाजू सरकारी दप्तरात मिळू शकते. त्याला भाकरी आणि निरोप पोचवणाऱ्यांची बाजू घरातल्या चिठ्ठ्यांतच असते, आणि ती चिठ्ठी गेली की ती माणसंही गेली.

दुसरं नाव एन. डी. पाटील सरांचं. विधान परिषदेत अठरा वर्षं, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार, मध्ये १९७८ ते ८० पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री. उरलेलं सगळं आयुष्य रस्त्यावर: एन्रॉन, रायगडचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), सीमाप्रश्न, आपला कोल्हापूर शहराचा टोल. ज्या माणसाने आयुष्यभर सरकारला निवेदनं दिली, त्याच माणसाने दीडेक वर्षं मंत्री म्हणून निवेदनं घेतली. घेताना त्यांनी काय शेरे मारले असतील? मला हे मनापासून वाचायचं आहे.

गौरवग्रंथात यातलं काही येत नाही. तिथे पडलेली निवडणूक दोन ओळींत संपते आणि तडजोड तर झालेलीच नसते.

डाकवही
दादा, तळमळ पटते, मागणी पटत नाही. एका आमदारांकडे मी बरीच वर्षं स्वीय सहायक होतो. दप्तरात काय असतं ते सांगतो.

सकाळी सातपासून माणसं यायची. हातात अर्ज, कधी टाइप केलेला, कधी पोराच्या वहीचं पान. नर्सिंगचा प्रवेश, जावयाची बदली, बांधाचं भांडण, ऑपरेशनला मदत. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा अर्ज असायचा. घरात काय काय घडलं ते सगळं ती लिहायची, कारण सगळं सांगितल्याशिवाय साहेब लक्ष घालणार नाहीत असं तिला वाटायचं. हा अर्ज साहेबांचा कसा? तो तिचा आहे. ती अजून त्याच गावात राहते. तिने विश्वासाने एका माणसाला लिहिलं, आणि ते उद्या पीएच.डी. करणाऱ्या पोराच्या टेबलावर जाणार, याला तिची परवानगी कोणी घेतली? तुम्ही ‘न निवडता’ म्हणता तेव्हा हीच माणसं उघडी पडतात. नेत्याचं काही बिघडत नाही, त्याचा पुतळा झालेला असतो.

दुसरी गोष्ट. शिफारसपत्रांवरून कारकीर्द कळते असं बाहेरच्याला वाटतं. आम्ही ती ढिगाने द्यायचो. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य सगळ्यांत सारखं. एकाच जागेसाठी तिघांना पत्र दिलेलं असायचं, कारण दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही असा दंडक होता. ज्याचं काम खरोखर करायचं त्याच्यासाठी साहेब स्वतः अधिकाऱ्याला फोन करायचे. फोनचा कागद होत नाही. उद्या कोणी ही पत्रं मोजून लिहील की साहेबांनी अमुक भागाला झुकतं माप दिलं. ते धादांत खोटं ठरेल, आणि खोडून काढायला आम्ही नसू.

मंगळवारपेठकर
काका, त्या बाईबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, तिचा अर्ज उघडा पडता कामा नये. पण फोनचं अर्धंच खरं आहे. आवक-जावक बारनिशीत, म्हणजे टपालाच्या नोंदवहीत, नोंद असते. अर्जाच्या कोपऱ्यावर ‘बोललो’ असा शेरा असतो. कोणत्या अर्जावर ‘बोललो’ आहे आणि कोणत्यावर नुसता जावक क्रमांक, यातूनच कारकीर्द वाचता येते. एका जागेला तीन पत्रं आणि एक फोन, हे तुम्ही आत्ता सांगितलंत म्हणून मला कळलं. जो अभ्यासक ते न कळता आकडे मोजेल तो चुकेल. पण दप्तरच नसेल तर त्याला चूक म्हणायला आधार कशाचा?

रुमाल_आणि_मोडी
मी मोडी वाचते, जुन्या दप्तरात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या दोघांच्या भांडणावर तोडगा आहे आणि तो नवा नाही. कागद द्यायचे सगळे, पण उघडायचे टप्प्याटप्प्याने. देणगीच्या करारातच लिहायचं: भाषणं, पक्षाचा पत्रव्यवहार, दौऱ्यांच्या डायऱ्या लगेच खुल्या, व्यक्तिगत अर्ज पन्नास-साठ वर्षं बंद, किंवा नाव-गाव झाकून. यादी मात्र पहिल्या वर्षीच जाहीर. काय बंद आहे हे लोकांना कळलं पाहिजे.

‘न निवडता’ या शब्दांवर मी पूर्णपणे मंगळवारपेठकरांच्या बाजूने आहे, कारण गठ्ठ्याचा क्रम हाही पुरावा असतो. एखाद्या पत्राला वर्तमानपत्राचं कात्रण आणि खाली छापखान्याचं बिल एकाच सुतळीत बांधलेलं असेल, तर त्या तिघांचा संबंध बांधणाऱ्याला माहीत होता. घरचे लोक प्रेमाने बसतात, पत्रं एकीकडे, बिलं दुसरीकडे करतात, ‘रद्दी’ वेगळी काढतात. तो संबंध कायमचा तुटतो.

आणि घाई करा. नव्वदच्या दशकातले फॅक्स ज्या कागदावर आलेत तो आपोआप पांढरा पडतो. त्यांच्या झेरॉक्स आत्ता काढल्या नाहीत तर दहा वर्षांनी कोरे कागद जपत बसाल. टाचण्या गंजतात, भाषणांच्या कॅसेटना बुरशी येते. दीडशे वर्षांपूर्वीचा हातकागद यापेक्षा जास्त टिकतो, हे मी रोज बघते.

कृष्णाकाठ_शिरोळ
माझा या सगळ्याला मुळातूनच विरोध हाय. एन.डी. सर सभागृहात काय बोलले ते विधिमंडळाच्या कार्यवृत्तात छापलंय, कुणीबी जाऊन वाचावं. आण्णांचं घटना समितीचं सदस्यत्व नोंदलेलं हाय. नेत्याची कारकीर्द म्हणजे त्यानं जाहीर जे केलं ते. घरातली पेटी कशाला उघडायची?

आणि खरं सांगू का? कारखाना आण्णांनी काढला म्हणता. शेअर कुणी घेतले? ज्यांनी ऊस घातला, बिलातनं पैसे कापून दिले, त्यांची नावं सभासद रजिस्टरला हायत. वार्षिक सभेची इतिवृत्तं, लेखापरीक्षणाचे अहवाल, हे कागद जपा की. सहकारी संस्थांच्या जुन्या वह्या कुठल्या गोदामात पडल्यात ते आधी बघा. नेत्याच्या दप्तरात शेतकरी फक्त अर्जदार म्हणून असतो, हात जोडलेला. संस्थेच्या रजिस्टरात तो मालक असतो. तुम्ही नेत्याची पेटी जपली की पुढची पिढी जिल्ह्याचा इतिहास नेत्याच्याच खुर्चीवरनं लिहिणार.

मंगळवारपेठकर
दादा, हा सगळ्यांत सबळ मुद्दा आहे आणि मला तो मान्य आहे, फक्त ‘त्याऐवजी’ हा भाग सोडून. सभासद रजिस्टर जपलंच पाहिजे. पण रजिस्टरात वाद नसतो. कारखान्याची जागा कुठे, कार्यक्षेत्रात कोणती गावं, यावर गावोगावची पत्रं कोणाला गेली असतील? अध्यक्षालाच. त्या पत्रांतला शेतकरी हात जोडलेला नाही, भांडणारा आहे.

आणि कार्यवृत्त म्हणाल तर टोलचं आंदोलन कोणत्या कार्यवृत्तात शोधणार? ते सभागृहाबाहेर झालं. एन.डी. सर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे त्यात पुढे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाला. कृती समितीच्या बैठका, पेठापेठांतल्या तालमींचे पाठिंब्याचे ठराव, हे सगळं कोणाच्या तरी घरच्या फायलीतच आहे.

कसबा_बावडा_वकील
कायद्याची बाजू मांडतो. मंत्रिपदाच्या काळातल्या शासकीय नस्त्या, म्हणजे फायली, ही खासगी मालमत्ता नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ त्यांना लागू होतो. घरच्यांनी ट्रंक उघडली आणि आत मूळ नस्ती निघाली, तर ती परत करायची. ‘आमच्या आबांची आठवण’ म्हणून ठेवता येत नाही. मात्र टिपणांच्या प्रती असतात, आणि त्यांचं मोल मोठं आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा मूळ कागद जळून गेले. अशा वेळी एखाद्या माजी मंत्र्याच्या घरची प्रत हाच उरलेला पुरावा असू शकतो.

दान देताना तोंडी काही ठेवू नका. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयातून २००८ मध्ये नेहरूंच्या खासगी कागदांची ५१ खोकी कुटुंबाकडे परत गेली, त्याचा वाद अजून चालू आहे. दिलेलं परत मागता येणार नाही, हे करारात स्पष्ट हवं. प्रताधिकार कोणाकडे तेही लिहा. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा.

डाकवही
वकीलसाहेब, करार कागदावर चांगला दिसतो. साठ वर्षं बंद म्हणून लिहिलेला गठ्ठा निवडणुकीच्या तोंडावर कोणाच्या हाती लागणार नाही, याची हमी कोण देतं? अशा चिठ्ठ्यांवरून गावात घरं फुटलेली मी पाहिली आहेत.

रुमाल_आणि_मोडी
काका, तोच गठ्ठा आज माळ्यावर उघडा पडलाय. तिथे कसली हमी आहे? २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही महापुरांत पंचगंगा घराघरांत शिरली. त्यात कोणती दप्तरं गेली याची यादीसुद्धा आपल्याकडे नाही. ज्यांच्याकडे भिजलेले कागद असतील त्यांना सांगते: उन्हात टाकू नका, पानं ओढून सुटी करू नका. दोन दिवसांत बुरशी धरते. टिपकागद मध्ये घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

कृष्णाकाठ_शिरोळ
ताई, हे कामाचं बोललासा. आमच्या सोसायटीची जुनी प्रोसिडिंग बुकं २०१९ पासनं चिकटून बसल्यात. फेकली न्हाईत अजून. पान सुटतंय का, बघायला येशीला का? नेत्यांच्या पेटीचं माझं मत तेच हाय.

रुमाल_आणि_मोडी
येते. तोवर वह्या जबरदस्तीने उघडू नका, आणि प्लास्टिकमध्ये असतील तर बाहेर काढून कापडात ठेवा.

डाकवही
साहेबांची भाषणं आणि दौऱ्याच्या डायऱ्या माझ्याकडे आहेत, त्या त्यांच्या मुलांना विचारून द्यायला मी तयार आहे. अर्जांच्या फायली मी देणार नाही, करार कितीही पक्का असला तरी.

मंगळवारपेठकर
डायऱ्यांसाठी मुलांशी बोला, काका. मी सोबत येतो. अर्जांच्या फायलींवर आपण भांडत राहू, फक्त तोवर त्या जाळू नका.