लांब मार्ग हवेतच, आणि पूर्ण हवेत

रेल्वे चालवायच्या सिम्युलेटर खेळात मार्गाचा अर्ध्या तासात संपणारा तुकडा पुरे, दोनशे किलोमीटर कोण खेळत बसणार, असं काहीजण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

मुंबई-पुणे घ्या. १९२ किलोमीटर. घाट तेवढा मजेचा म्हणून फक्त कर्जत-लोणावळा दिलं, तर त्या २८ किलोमीटरचं वजनच कळत नाही. कल्याणपर्यंत लोकलच्या गर्दीत पिवळ्या सिग्नलांमागून सरकायचं, बदलापूरनंतर जरा मोकळं मिळालं की गेलेली मिनिटं भरून काढायची, आणि मग कर्जतला थांबायचं. मागे बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी जादा इंजिनं लागतात, हलकासा धक्का बसतो, आणि ३७ ला १ चा (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) चढ सुरू होतो. हा थांबा शंभर किलोमीटर चालवून आल्यावरच खरा वाटतो. उतरताना तर घाटातल्या मंकी हिल स्टेशनला ब्रेक तपासायला उभं राहणं हाच खेळाचा गाभा आहे.

कोकण रेल्वेचंही तसंच. बराचसा मार्ग एकेरी, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायला (क्रॉसिंगसाठी) लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, वाट पाहणं आलंच. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा एकटाच दिला तर तो नुसता अंधार.

वेळेचं म्हणाल तर अधल्यामधल्या स्टेशनावर सेव्ह करायची सोय द्या. ज्याला छोटा तुकडा हवा त्याने कर्जतपासून सुरू करावं. पण रूळ मात्र सीएसएमटीपासून पुण्यापर्यंत सलग हवेत. झाडं, इमारती थोड्या कमी तपशिलात चालतील मला, सिग्नल आणि चढ-उतार अचूक ठेवा.