निसर्ग आत आणायचा तर आधी खिडक्या उघडा

जुना_दगड (धागाकर्ता)

परवा इथेच एका सदस्येने विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या 'शाश्वत, निसर्गप्रेरित' अंतर्गत नूतनीकरणाचे फोटो टाकले. प्रवेशदालनात शेवाळाची भिंत, वाचनालयात पानांच्या नक्षीचा गालिचा, व्याख्यानगृहात बांबूच्या पट्ट्यांचं छत. खाली ओळ : "दीडशे वर्षांची मृत वास्तू अखेर श्वास घेऊ लागली." त्याखाली 'अप्रतिम'ची रांग. तिथेच लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मृत कोण? ते शेवाळ मेलेलं आहे. ग्लिसरिनमध्ये मुरवून, रंग देऊन चिकटवलेलं. अशा भिंतींवरचं बरंचसं शेवाळ तर शेवाळही नसतं, दगडफुलाच्या गोतातलं असतं, उत्तरेच्या थंड रानांतून गोळा केलेलं. ते पाणी पीत नाही, वाढत नाही, हवेचं काहीएक करत नाही.

वास्तू मात्र खरंच श्वास घेत होती. जाड भिंतींवर चुन्याचा गिलावा, त्यातून ओल सुकून बाहेर पडायची. छत उंच, म्हणजे तापलेली हवा डोक्याच्या बरीच वर आणि तिथल्या झरोक्यांतून बाहेर. मग कुणीतरी गिलाव्यावर सिमेंट थापलं, वर प्लास्टिकचा रंग मारला, फॉल्स सीलिंगने झरोके बुजवले, खिडक्यांना खिळे ठोकून एसी लावला. ओल आतच कोंडली, भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटले. आता त्या पोपड्यांवर शेवाळाची चौकट आणि बाजूला 'पर्यावरणस्नेही' अशी पाटी.

आणि निसर्गप्रेरित सजावट ही काय आजची कल्पना आहे? ऑक्सफर्ड विद्यापीठाचं १८६० साली उघडलेलं निसर्गविज्ञान संग्रहालय बघा. भोवतालचे खांब वेगवेगळ्या ब्रिटिश दगडांचे, म्हणजे नुसतं चालत गेलं तरी भूशास्त्राचा तास होतो. खांबांच्या माथ्यावरची पानंफुलं ओ'शे बंधू या आयरिश दगडकोरकांनी वनस्पती उद्यानातून रोज आणलेली खरी रोपं समोर ठेवून कोरली. पैसे संपले म्हणून काही दगड कोरेच राहिले, पण कुणी त्यांवर पान छापलेला कागद चिकटवला नाही.

माझं म्हणणं एवढंच : फॉल्स सीलिंग उतरवा, सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावा, खिडक्यांचे खिळे काढा. मग बघू शेवाळ लागतंय का.

रेषाकार

याच अंतर्गत सजावटीच्या धंद्यात आहे आणि हे कामही माझंच, त्यामुळे गप्प बसवत नाही.

"खिडक्या उघडा" म्हणणाऱ्यांनी रस्त्यालगतच्या वाचनालयात उघड्या खिडकीशी बसून परीक्षेचा अभ्यास करून दाखवावा. बाकी गालिचा चौकोनी तुकड्यांचा आहे, फरशीला चिकटवलेला नाही, उचलला की खालची फरशी जशीच्या तशी. बांबूचं छत मूळ छताला धक्का न लावता टांगलंय. नको वाटेल तेव्हा काढा. जुनी वास्तू पाडून नवी बांधण्यात जो कार्बन हवेत जातो त्यापुढे चार बांबूच्या पट्ट्या म्हणजे काहीच नाही. आणि वापरात नसलेली वास्तू पडतेच. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदही सांगते की समाजोपयोगी वापरामुळे स्मारकं टिकतात, तो वापर इष्टच.

झरोके उघडा म्हणताना ग्लासगोच्या कलाशाळेची, वास्तुकार मॅकिंटॉशने बांधलेली इमारतही आठवा. २०१४ साली तळघरात लागलेली आग जुन्या वायुवीजनाच्या पोकळ्यांतूनच वर चढली आणि वाचनालय खाक झालं. जुनं ते सगळं शहाणं नसतं.

जुना_दगड

सनदेचं तेच कलम पुढे म्हणतं की या वापरापायी वास्तूची मांडणी किंवा सजावट बदलता कामा नये. तुम्ही बरोब्बर अर्ध्यावर थांबलात. धंद्यात असल्याचा फायदा.

ग्लासगोचं खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणजे पोकळीत जागोजागी अग्निरोधक झडपा. पोकळीखाली वाळलेला बांबू टांगणं हा कुठला उपाय?

हिरवी_पालवी

ते फोटो टाकणारी 'सदस्या' मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

मी तज्ज्ञ नाही. त्या इमारतीत शिकले आहे. तेव्हा ती काळोखी, कुबट आणि धाक घालणारी होती. परवा गेले तर मुलं प्रवेशदालनात बसून गप्पा मारत होती. आमच्या वेळी तिथे कुणी थांबतही नव्हतं. झाडांनी हवा शुद्ध होते हे नासाने दाखवलंय, आणि झाडं दिसली की रुग्ण लवकर बरे होतात हेही सिद्ध झालंय. तुम्हाला राग नक्की कशाचा, शेवाळाचा की 'अप्रतिम' म्हणणाऱ्यांचा?

कोरडा_ठणठणीत

नासाचा १९८९चा प्रयोग छोट्या बंद पेट्यांतला होता. २०१९च्या एका आढाव्यात अशा प्रयोगांचा हिशेब मांडला गेला : इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे झाडं आत, विद्यार्थी बाहेर.

रुग्णांचं संशोधन उलरिच यांचं, १९८४. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या. एकाला खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले. 'खिडकीतून' हा शब्द पुन्हा वाचा.

तिरपा_लेखक

सगळे शेवाळावर भांडताय. फोटोंतल्या व्याख्यानगृहात लिहिण्याच्या फळीच्या नव्या खुर्च्या आहेत आणि सगळ्या फळ्या उजवीकडे. शाश्वत, समावेशक वगैरे. आम्ही डावखुऱ्यांनी मान मोडून घ्यायची.

निवृत्त_मास्तर

आयुष्यभर अशाच एका उंच छताच्या सभागृहात शिकवलं. एक वाक्य बोलायचं आणि त्याचं शेपूट भिंतींवरून परत येईपर्यंत थांबायचं. थांबलो नाही तर तिसऱ्या रांगेपलीकडे नुसती गजबज. घसा गेला. डॉक्टर म्हणाले बोलणं कमी करा. मास्तराने? पुढे फॉल्स सीलिंग आलं तेव्हा पहिल्यांदा न ओरडता शिकवलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला! धागाकर्ते ते छत काढा म्हणतात. त्यांनी कधी वर्गात उभं राहून शिकवलंय का?

रेषाकार

धन्यवाद मास्तर. बांबूच्या छताचं कारण सजावट नव्हतंच, ध्वनी होतं.

भौतिकवाला

बांबू स्वतः आवाज फारसा शोषत नाही, कडक आहे. पट्ट्यांमध्ये फट आणि मागे लोकर किंवा फेल्ट (दाबून केलेलं जाड तंतूंचं कापड) असेल तरच उपयोग. गालिचा वरच्या पट्टीचा आवाज खातो, खालच्या पट्टीची घुमी तशीच राहते. मागे काय घातलंय ते रेषाकारांनी सांगावं.

अवांतर, पण सांगतोच. हे सगळं शास्त्रच एका विद्यापीठाच्या बिघडलेल्या व्याख्यानगृहातून निघालं. १८९५, हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाचं नवं सभागृह, रिकामं असताना आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला 'दुरुस्त करा' म्हणून धाडलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळात विरतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत ठेवायचा. त्याने शोषणाचं मोजमाप कशात केलं? उघड्या खिडकीत! बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण.

जुना_दगड

बघा! हार्वर्डही खिडकीवरच आलं.

आणि मास्तर, माणसं भरली की ती स्वतःच आवाज शोषतात. भरल्या वर्गात असा घुमत नाही. तुमच्या वर्गात बाकं रिकामी असतील तर तो दोष छताचा नाही.

निवृत्त_मास्तर

हे असभ्य आहे. मी कधी हजेरीची सक्ती केली नाही आणि उभं राहायलाही जागा नसायची. तुम्ही दगडांची काळजी करा, माणसांची आम्ही केली.

भौतिकवाला

दोघेही जरा थांबा. खिडकी फक्त हार्वर्डलाच नव्हती, रस्त्यालाही आहे. आतला आवाज बाहेर जातो तसा बाहेरचा आत येतो. मास्तर, भरलेल्या वर्गाने घुमणं कमी होतं, संपत नाही. तुमचा घसा खोटा नाही.

हिरवी_पालवी

मी फोटो टाकले होते, पीएचडीचा विषय मागितला नव्हता.

रेषाकार

फेल्टबद्दल विचारलंत. आहे. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेलं. हसा.

शेवाळ माझंही लाडकं नाही. ग्राहकाला उद्घाटनाच्या फोटोसाठी पार्श्वभूमी हवी होती. ते काढलं तर मी रडणार नाही. पण चुन्याचा गिलावा सुकायला आठवडे लागतात आणि काम दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत उरकायचं असतं. खिडक्यांची बिजागरी दरवर्षी बघायला, चौकटींना तेल द्यायला माणूस लागतो. नूतनीकरणाला पैसा एकदा मिळतो, देखभालीला कधीच नाही. म्हणून खिळे. खिळे मी ठोकले नाहीत, मी यायच्या आधीपासून होते.

जुना_दगड

या धाग्यातलं तुमचं पहिलं पटलेलं वाक्य, देखभालीचं. अभिनंदन. फेल्ट राहू द्या, मास्तरांसाठी. पण झरोक्यांपुढची जागा मोकळी सोडून टांगा.

हिरवी_पालवी

झरोके उघडलेत की कबुतरं येतील. आमच्या वेळी पुस्तकांवर बसायची, विष्ठेने कितीतरी खंड खराब झाले. जाळी लावणार असाल तरच उघडा.

जुना_दगड

जाळी चालेल. जुन्या सागवानी चौकटीला भोकं न पाडता.

रेषाकार

भोकं न पाडता कशी बसवायची ते लिहा, पुढच्या निविदेत घालतो.

जुना_दगड

लिहितो. फी पाठवा.

तिरपा_लेखक

त्याच निविदेत डाव्या फळीच्या खुर्च्या.