समोरचे डॉक्टर की बेकरीवरचे? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-२०४: नमस्कार, आम्ही नुकतेच राहायला आलोय. सासूबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही आहे, मुलगी चार वर्षांची. जवळ चांगले फॅमिली डॉक्टर कोण? गेटसमोर एक दवाखाना दिसतो आणि चौकात बेकरीच्या वर एक, दोघांपैकी कोण बरे?

सी-३०४: गेटसमोरचे, डोळे झाकून जा. एका इंजेक्शनमध्ये माणूस उभा राहतो, संध्याकाळी लाईन बघा कुठपर्यंत येते

ए-५०२: गुगलवर बेकरीवाल्यांना ४.८ आहे, समोरच्यांना ४.१

बी-६०३: साहेब ते स्टार सोडा, खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. निम्मे पार्किंग नाही म्हणून चिडलेत, उरलेले रिसेप्शनच्या मुलीवर. डॉक्टरांनी तपासलं कसं हे एकानेही लिहिलेलं नाही

सी-७०१: आमचे तर समोरचेच पहिल्यापासून. हातगुण आहे हो त्यांना, गोळी पोटात गेली की फरक

ए-१०३: काका हातगुण असेलही, पण सर्दी-पडसं औषध न घेता पण आठवड्याभरात जातं. आपण चौथ्या दिवशी दवाखान्यात जातो, सातव्या दिवशी बरं वाटतं आणि नाव डॉक्टरांचं होतं. मी ससूनला सिस्टर होते, हे रोज बघितलंय

सी-३०४: ताई तुमचं बरोबर असेल पण आम्हाला आठवडा कोण देणार? सुट्टी टाकली की पगार कापतात. आज इंजेक्शन, उद्या ड्यूटी, आमचा हिशोब एवढाच

ए-१०३: हिशोब कळतो रे, तुझ्या जागी मी असते तर मी पण तेच मागितलं असतं. पण इंजेक्शन कसलं आहे एवढं तरी विचार. पुष्कळदा डायक्लोफेनॅक असतं, कधी जोडीला स्टिरॉइड. दुखणं थांबतं, ताप उतरतो, आजार आत आहे तसाच राहतो. आणि पावसाळ्यात तो ताप डेंगीचा निघाला तर डायक्लोफेनॅक, ब्रुफेन ही औषधं नकोतच, रक्तस्रावाची भीती वाढते. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. डेंगीत तर ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास जास्त जपायचे असतात, त्यामुळे "बरं वाटलं तरी परवा रक्ताची सीबीसी टेस्ट करून दाखवायला ये" असं बजावून सांगणारा डॉक्टर मला इंजेक्शनवाल्यापेक्षा कधीही चांगला वाटतो

सेक्रेटरी: मध्येच टाकतोय, सॉरी. टँकर आज उशिरा येईल, ११ नंतर मोटर लावू नका

बी-६०३: माझं मेडिकल आहे म्हणून सांगतो, चिठ्ठी बघितली की डॉक्टर कसा आहे ते काउंटरवर कळतं. साध्या सर्दीला पण सेफिक्झिम लिहिणारे आहेत. सर्दी बहुतेक वेळा व्हायरल, त्यावर अँटिबायोटिक काय करणार? सेफिक्झिमसारखी औषधं २०१४ पासून शेड्यूल एचवनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या यादीत आहेत, देताना आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध किती दिलं सगळं लिहावं लागतं आणि ते ३ वर्षं जपून ठेवायचं. सरकारने उगाच नाही हे लावलं. अर्थात चिठ्ठीशिवाय मागायला येणारे पण आपल्याच सोसायटीतले असतात, नावं घेत नाही

बी-२०४: समोरच्या डॉक्टरांची चिठ्ठी कशी असते?

बी-६०३: चिठ्ठी असली तर सांगू ना ताई. तिथे पुडी मिळते

सी-७०१: हो पण तपासणी आणि औषध धरून २०० रुपयात काम होतं की! गुलाबी सकाळी, पांढरी रात्री, अर्धी पिवळी जेवणानंतर. इतकं सोपं कोण सांगतं?

ए-१०३: काका सोपं आहे, पण त्या गुलाबी गोळीचं नाव काय? रात्री अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, हॉस्पिटलला नेलं तर पहिला प्रश्न हाच की कोणती गोळी घेतली होती. वर्तमानपत्राच्या कागदातली उरलेली अर्धी गोळी पुढे करून सांगणार काय? ड्यूटीवर असताना असे नातेवाईक किती आले, बिचारे नुसता रंग सांगायचे. पुडी द्या, माझी हरकत नाही, पण कागदावर औषधाचं नाव लिहून द्या. ते मागणं आपला हक्क आहे

ए-५०२: डिग्री खरी आहे का हे कसं बघायचं?

बी-६०३: लेटरहेडवर रजिस्ट्रेशन नंबर असायलाच पाहिजे. एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर शोधता येतं, बीएएमएस आणि बीएचएमएसवाल्यांची कौन्सिलं वेगळी

ए-१०३: २०४, सासूबाईंसाठी सांगते. आत गेल्या गेल्या, बोलता बोलता, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून बीपी घेतलं तर तो आकडा धरू नका. ५ मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, आणि मोजताना कोणी बोलायचं नाही. शुगरवाल्यांची एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) दर ३ महिन्यांनी, कंट्रोलमध्ये असेल तर ६ महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, आणि चपला काढायला लावून पाय तपासणं. हे शेवटचं जो न सांगता करतो तो डॉक्टर धरून ठेवा

सी-७०१: माझे पाय आजवर कोणी बघितले नाहीत बुवा. पण एक सांगतो, कोविडमध्ये बाकी सगळ्यांची शटर डाऊन होती तेव्हा हा माणूस दवाखान्यात बसून होता. आणि हिला रात्री छातीत जळजळ झाली, आम्ही म्हणलं ॲसिडिटी, तर फोनवर ऐकूनच म्हणाले जेलुसिल नको, आधी ईसीजी काढा, आत्ताच्या आत्ता निघा. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी. ते कसं विसरायचं?

ए-१०३: विसरूच नका. आपल्या हातातलं नाही हे ओळखून वेळेत पुढे पाठवणं, ह्याला फार मोठी अक्कल लागते, भल्याभल्यांना जमत नाही. म्हणूनच वाईट वाटतं काका, एवढं कळणारा माणूस गर्दीच्या नादात सर्दीवाल्यांना सुया टोचतोय

ए-५०२: मग बेकरीवाले?

सी-३०४: ते दहा दहा मिनिटं एकेकाला घेतात, वैताग येतो. इंजेक्शन मागितलं तर लेक्चर देतात. गुरुवारी बंद

ए-१०३: बघ, तू तक्रार म्हणून सांगतोयस, मला तर जाहिरात वाटली

बी-६०३: तपासण्या मात्र बऱ्याच लिहितात आणि सगळ्या एकाच लॅबला. सरळ विचारायचं, ह्या रिपोर्टने औषध बदलणार आहे का, आणि दुसऱ्या लॅबचा चालेल का. चालेल म्हणाले तर प्रश्नच नाही. नाही म्हणाले तर समजून जा, लॅबकडून कट घेणं कौन्सिलच्या नियमात बसत नाही

बी-२०४: खूप धन्यवाद सगळ्यांना. उद्या गुरुवार, म्हणजे बेकरीवर शुक्रवारीच. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून नेते. रात्री-अपरात्री काही लागलं तर काकांकडून समोरच्यांचा नंबर घेईन, चालेल ना काका?

सी-७०१: बिनधास्त घ्या. मी पण उद्या जातोय त्यांच्याकडे, आधी पुडीवर नावं लिहून मागतो, मग चपला काढून पाय सरळ स्टुलावर. काय म्हणतात ते इथे टाकतो